ग्रुपवरची काडी कशी ओळखायची आणि कशी विझवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सोसायटीचा, शाळेतल्या पालकांचा, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचा किंवा एखाद्या पेठेचा ग्रुप चालवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अवघड नंतर. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ट्रोलिंग म्हणजे नेमकं काय? वाकडं बोलणारा प्रत्येक जण ट्रोल असतो का?

नाही. लोकांनी चिडावं आणि एकमेकांवर तुटून पडावं, एवढ्याचसाठी केलेलं लिखाण म्हणजे ट्रोलिंग. हा शब्द मासेमारीतला आहे. चालत्या बोटीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा आणि कोण तोंड घालतं ते बघायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूझनेट या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चामंचावरची जुनी मंडळी नवख्यांना अडकवायला मुद्दाम शिळे विषय काढायची, तेव्हापासून तो इंटरनेटवर रुळला. आपल्याकडे ‘काडी टाकणं’, ‘पिन मारणं’, ‘कळ काढणं’ हे शब्द आहेतच आणि ते जास्त नेमके आहेत. ते माणसाला नाव ठेवत नाहीत, त्याने काय केलं ते सांगतात.

तिरकस बोलणं, कमिटीकडे हिशेब मागणं, शंभर जणांच्या विरुद्ध एकट्याने मत मांडणं, यातलं काहीही ट्रोलिंग नाही. ॲडमिनला अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्यावर ‘ट्रोल’ असा शिक्का मारणं ही ग्रुपवर होणारी सगळ्यांत मोठी चूक आहे. तसं झालं की पुढच्या वेळी खरा प्रश्न असलेला माणूस गप्प बसतो.

२. मग काडी ओळखायची कशी?

सगळ्यांत भरवशाची खूण पहिल्या मेसेजमध्ये नसतेच. ती उत्तर मिळाल्यावर दिसते. खरी शंका असलेला माणूस उत्तर वाचतो, मग मान्य करतो किंवा त्याच मुद्द्यावर पुढचं विचारतो. काडी टाकणारा उत्तराला हात लावत नाही आणि दुसरा फाटा फोडतो. पाण्याच्या टँकरचा खर्च सांगितला की तो पार्किंगवर जातो, पार्किंगचं सांगितलं की दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या वर्गणीवर.

दुसरी खूण वाक्याच्या कर्त्यात असते. ‘बी विंगला सकाळी पाणी का येत नाही?’ ही तक्रार झाली. ‘बी विंगवाल्यांना सगळं फुकट लागतं’ ही काडी. ‘भाडेकरू लोक’, ‘बाहेरचे’, ‘पेठेतले’, ‘कुत्रीवाले’ अशी अख्ख्या गटाची मोट बांधली की समोरच्या प्रत्येकाला ते स्वतःबद्दल बोलल्यासारखं वाटतं आणि एकदम दहा जण उत्तर द्यायला धावतात.

तिसरी खूण, टाकून गायब होणं. रात्री साडेदहाला एक ओळ टाकायची आणि सकाळपर्यंत नुसत्या निळ्या टिक्स. या खुणेवर एकटीवर मात्र विसंबू नका, माणूस खरोखर झोपलेलाही असू शकतो.

आणखी एक खूण महाराष्ट्रात फार उपयोगी पडते. वादात कोणाचं आडनाव ‘तुमच्यासारखे अमुक’ अशा थाटात आलं, की मूळ विषय संपला असं समजा. तिथून पुढचं सगळं जातीवर जाणार असतं. त्या क्षणी थांबवणं सोपं असतं, पाच मेसेजनंतर नाही.

३. नाव आणि फ्लॅट नंबर सगळ्यांना माहीत असूनही लोक असं का वागतात?

निनावीपणा हे एकच कारण नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन माणूस सैल का सुटतो याची सहा कारणं मांडली. त्यातली दोन सोसायटीच्या ग्रुपला तंतोतंत लागू पडतात: समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि उत्तर त्याच क्षणी झेलावं लागत नाही. लिफ्टमध्ये जे बोलणं जिभेवर येणार नाही, ते अंगठ्याने लिहून होतं.

दुसरं कारण महत्त्वाचं आहे, कारण त्यावर काहीतरी करता येतं. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी सोपी किंवा त्रासदायक चाचणी देऊन त्यांचा मूड बदलला, मग चर्चेत लिहायला सांगितलं. मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रिया साध्या असताना ३५ टक्के प्रतिक्रिया ट्रोलिंगच्या निघाल्या. मूड बिघडलेला आणि वर आधीच कोणीतरी आग लावलेली असताना तेच प्रमाण ६८ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच साधी माणसं होती. त्यामुळे पहिली काडी वर दिसत राहणं हाच खरा धोका आहे, आणि ॲडमिनने सगळ्यांत आधी तिचाच बंदोबस्त करायचा असतो (प्रश्न ६).

दुसऱ्याला छळण्यात मजा वाटणारी माणसंही असतात, पण ती थोडी. आपल्या ग्रुपवरचा माणूस त्यातलाच आहे असं धरून सुरुवात करू नका.

४. सगळे म्हणतात ‘दुर्लक्ष करा’. पण मग खोटं तसंच राहतं, त्याचं काय?

‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. नुसतं डिवचलं असेल तर दुर्लक्षच करा. ‘काय मठ्ठ लोक भरलेत’ या वाक्याला उत्तर नसतं. पण मेसेजमध्ये एखादी चुकीची माहिती असेल आणि तिच्यावरून कोणी पैसे भरणार असेल, औषध घेणार असेल किंवा कोणावर संशय घेणार असेल, तर एकदा उत्तर द्यायलाच हवं. हे उत्तर काडी टाकणाऱ्यासाठी नसतं. ग्रुपवर दोनशे जण असतील तर लिहिणारे मोजकेच, बाकीचे गुपचूप वाचतात. त्यांच्यासाठी लिहायचं आणि एकदाच लिहायचं. दुसऱ्यांदा तेच लिहिलंत की तो संवाद तुम्हा दोघांचा होतो आणि वाचणारे निघून जातात.

अफवांच्या बाबतीत गप्प बसण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

५. उत्तर द्यायचंच ठरवलं, तर कसं लिहायचं?

तीन वाक्यांत. पहिल्या वाक्यात खरी माहिती, दुसऱ्यात ती कुठे बघता येईल, तिसऱ्यात पुढे कोणाशी बोलायचं. उदाहरणार्थ, ‘सेक्रेटरी टँकरवाल्याकडून कमिशन खातो’ असा मेसेज आला, तर: ‘मार्च महिन्यात २२ टँकर आले. बिलं आणि पावत्या ऑफिसमध्ये शनिवारी १० ते १२ या वेळेत बघता येतील. आकड्यांत फरक वाटला तर खजिनदारांना लेखी द्या.’

आरोपाचं वाक्य उत्तरात पुन्हा लिहू नका. ‘सेक्रेटरी कमिशन खात नाहीत’ असं लिहिलं की ज्यांनी मूळ मेसेज पाहिला नव्हता त्यांच्याही मनात तो शब्द राहतो. मूळ मेसेज कोट करूनही उत्तर देऊ नका, तो परत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. ‘तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो’, ‘जरा अभ्यास करा’ ही वाक्यं आपल्याकडे फार चालतात आणि प्रत्येक वेळी त्यावरच भांडण सुरू होतं, मुद्दा बाजूला राहतो. हसणाऱ्या इमोजीने तर नक्कीच.

६. रात्रीचे अकरा वाजलेत, चाळीस मेसेज झालेत, भडका उडालाय. ॲडमिनने काय करायचं?

क्रम महत्त्वाचा आहे.

आधी ग्रुप बंद करा, म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हा पर्याय निवडा. याला दहा सेकंद लागतात. मग एकच ओळ लिहा: ‘ग्रुप सकाळी ९ पर्यंत बंद ठेवत आहे. हा विषय उद्या पुढे घेऊ.’ कोण बरोबर, कोण चूक हे या ओळीत अजिबात नको. वेळ मात्र नक्की लिहा. ती लिहिली नाही तर ‘तोंड दाबलं’ हा नवा वाद सकाळी तयार असतो.

त्यानंतर स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि नाव दिसेल असे. आधी पुसून मग स्क्रीनशॉट आठवण्याची चूक खूप जण करतात. मग ज्या मेसेजमध्ये शिवी, धमकी, जात-धर्म किंवा कोणाचा खाजगी फोटो, नंबर आहे, तेवढेच पुसा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांतच. पुसल्याच्या जागी कोणत्या ॲडमिनने पुसलं ते दिसतं, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न नाही. दोन्ही बाजूंचे मेसेज एकाच मापाने पुसा. एका बाजूचे राहिले तर तुम्ही पक्षकार झालात.

मग दोघांना वेगवेगळा फोन करा. मेसेज नको, फोनच. आवाज ऐकू आला की माणूस नरमतो. आधी त्याला फोन करा ज्याचा अपमान झाला आहे. काडी टाकणाऱ्याला सकाळी केला तरी चालतो.

सकाळी नऊला ग्रुप उघडताना विषय तुम्ही स्वतः, साध्या शब्दांत, एका प्रश्नाच्या रूपात टाका. नाहीतर कोणीतरी कालचंच वाक्य उचलून सुरुवात करतो.

फेसबुकच्या ग्रुपवर अख्खा ग्रुप बंद करायची गरज नसते, त्या एका पोस्टवरच्या प्रतिक्रिया बंद करता येतात. टेलिग्रामवर संथगतीचा पर्याय आहे. प्रत्येकाला दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून एक तासापर्यंत थांबायला लावता येतं. पाच मिनिटं ठेवली तरी बहुतेक भांडणं दमतात.

७. ग्रुपचे नियम किती असावेत?

पाच. फोनच्या एका स्क्रीनवर मावले पाहिजेत. ‘सभ्यता राखा’ हा नियम नव्हे, कारण सभ्यतेचं माप प्रत्येकाचं वेगळं. ‘कोणाची जात, धर्म, गाव, भाषा किंवा भाडेकरू असणं यावरून बोलायचं नाही’ हा नियम आहे, मोडला की नाही ते कोणालाही दिसतं. ‘रात्री १० ते सकाळी ७ फक्त तातडीचे मेसेज’ हा एकटा नियम अर्धं काम करतो, कारण त्याच संशोधकांना चर्चांच्या नोंदींत असं लिखाण रात्री उशिरा वाढलेलं दिसलं होतं (प्रश्न ३). नियम मोडल्यावर काय होणार, हेही तिथेच लिहा.

८. कोणाला काढायच्या आधी किती संधी द्यायच्या?

साधी काडी असेल तर तीन पायऱ्या: खाजगीत एक इशारा, ग्रुपवर नाव न घेता नियमाची आठवण, मग सात दिवसांसाठी बाहेर. इशाऱ्यात माणसाचं वर्णन करू नका, मेसेज दाखवा: ‘काल रात्री १०.४० चा हा मेसेज नियम २ मध्ये बसत नाही, तो मी पुसला आहे.’ सात दिवसांनी परत घेताना माफीनामा मागू नका. माफीनाम्यावरून निम्मे लोक कायमचे शत्रू होतात. धमकी, बाईमाणसाला उद्देशून घाणेरडं बोलणं, कोणाचा पत्ता किंवा फोटो टाकणं याला मात्र संधी नाही. तिथे थेट बाहेर आणि पुढे प्रश्न १४.

९. सोसायटीच्या ग्रुपमधून सभासदाला काढता येतं का? त्याचे हक्क जातात का?

ग्रुपमधून काढता येतं, सभासदत्वाला काही होत नाही. सहकारी संस्थेचं कामकाज महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि उपविधींनुसार चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा पोल म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे आणि ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे सभेची रीतसर नोटीसही नव्हे.

म्हणूनच दोन ग्रुप ठेवा. एक सूचनांचा, जिथे फक्त कमिटी लिहिते आणि ज्यातून कोणालाही कधीही काढायचं नाही, कारण पाणी बंद असल्याचं भांडखोर माणसालाही कळलं पाहिजे. दुसरा गप्पांचा, ऐच्छिक. पुण्यातल्या सोसायट्यांमधले निम्मे वाद, विशेषतः पार्किंग, भटक्या कुत्र्यांना खायला घालणं आणि एकट्या मुलामुलींना फ्लॅट भाड्याने देणं, हे मुळात सभेत बसून सोडवायचे विषय आहेत. ते ग्रुपवर येतात कारण सभेला कोरम होत नाही. तिथे ट्रोलिंगचा इलाज चालणार नाही, सभा घ्यावी लागेल.

१०. एक गृहस्थ कधीच शिवी देत नाहीत. अगदी नम्रपणे, ‘फक्त विचारतोय’ म्हणत प्रश्नांवर प्रश्न टाकतात आणि सगळे थकतात. हे ट्रोलिंग आहे का?

असू शकतं, आणि हा प्रकार सगळ्यांत चिवट आहे. भाषा निर्दोष असते, त्यामुळे चिडणारा माणूसच वाईट दिसतो. कसोटी प्रश्न २ मधलीच: उत्तराचं पुढे काय होतं ते बघा. तुम्ही पावती दाखवली, त्यांनी पावतीची पावती मागितली, असं तीनदा झालं तर हा संवाद नाही.

उपाय असा: ‘तुमचे सगळे प्रश्न एकत्र लेखी द्या, पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल.’ खरी शंका असणारा माणूस लेखी देतो, आणि मग पंधरा दिवसांचा शब्द पाळा. इथे फार सांभाळायला हवं, कारण भ्रष्टाचार उघड करणारा माणूसही पहिल्यांदा असाच दिसतो. म्हणून अशा माणसाला प्रश्नांवरून कधीही ग्रुपबाहेर काढू नका.

११. ‘गंमत केली होती’ म्हटल्यावर काय करायचं?

हेतूवर वाद घालू नका, तो सिद्ध होत नाही. लिखाणात आवाजाचा सूर नसतो, त्यामुळे खरा कडवेपणा आणि त्याची नक्कल यांत फरक करणं अवघडच असतं. ‘गंमत असेल, पण वाचणाऱ्यांना तशी कळली नाही, म्हणून पुसतो आहे’ एवढं पुरे.

१२. पुणे-मुंबई, मिसळ कुठली चांगली, हेल्मेटसक्ती... हे तर आमचे आवडते वाद आहेत. तेही बंद करायचे?

अजिबात नाही. ज्या वादात हरल्यावर कोणाचं काही जात नाही, तो ग्रुपचा जीव असतो. मिसळीवर दोन तास भांडणारे लोक तिसऱ्या तासाला एकत्र मिसळ खायला जातात. पण या तीन विषयांना एका पारड्यात घालू नका. हेल्मेटच्या वादात अपघातात कोणी गमावलेला माणूस वाचत असू शकतो. बालभारती–पौड फाटा रस्ता, नदीकाठ सुधार, विसर्जन मिरवणुकीतले डीजे हे वाद खरे सार्वजनिक प्रश्न आहेत आणि त्यांवर तापणं रास्त आहे. अशा विषयाला वेगळा धागा किंवा ठरावीक संध्याकाळ द्या. आणि पुणे-मुंबई गमतीत ‘भय्ये’, ‘घाटी’ असे शब्द आले की प्रश्न २ कडे या.

१३. सदस्याने काही भयंकर टाकलं तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

नुसता ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण तुम्ही त्या मेसेजला पसंतीचा अंगठ्याचा इमोजी दिलात, तो पुढे पाठवलात किंवा त्यावर भर घातलीत, तर तुम्ही त्यात सामील झाल्याचा तो पुरावा ठरू शकतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ची धमकी अजूनही दिली जाते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं आहे.

१४. तक्रार कुठे करायची आणि पुरावा कसा ठेवायचा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. अब्रुनुकसानी कलम ३५६, धमकी ३५१, शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान ३५२, गटागटांत वैर पसरवणं १९६, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान ७९. नुसत्या अपमानाची नोंद बहुतेक वेळा अदखलपात्र, म्हणजे एनसी होते आणि अब्रुनुकसानीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. हे आधी माहीत असलं की पोलीस ठाण्यातून निराश होऊन परतावं लागत नाही.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे वाकड, निगडीकरांनी पुणे शहरात हेलपाटा घालू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करता येते. १९३० ही हेल्पलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे, अंगावर येणाऱ्या धोक्यासाठी ११२.

पुराव्यासाठी नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर दिसणारं पान वेगळं घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. व्हॉट्सअ‍ॅपला रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, त्याला ते कळत नाही. पण आधी पुरावा, मग रिपोर्ट.

१५. महापुरुषाची किंवा देवाची विटंबना करणारं चित्र ग्रुपवर आलं. ते दाखवून लोकांना सावध करायचं का?

नाही. कोणालाही, ‘निषेध’ लिहूनसुद्धा, पुढे पाठवायचं नाही. अशी चित्रं बनवणाऱ्याला हवा असतो तो प्रसार, आणि तो त्याला चिडलेल्या भल्या माणसांकडूनच मिळतो. जून २०१४ मध्ये पुण्यात हेच घडलं. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत चित्रं फेसबुकवर फिरली, शहर पेटलं आणि २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये जमावाने एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

चित्र आलं तर ग्रुप लगेच बंद करा, एक प्रत फक्त ॲडमिनकडे ठेवा, ग्रुपवरून पुसा आणि त्याच तासात पोलिसांना कळवा. ‘कोणी टाकलं’ याचा शोध ग्रुपवर घेऊ नका. नाव, फोटो, पत्ता तर मुळीच फिरवू नका, कारण खातं बनावट असू शकतं आणि ज्याचं नाव त्यावर आहे तो माणूस झोपेत असेल. ज्या समाजाकडे बोट दाखवलं जात असेल, त्याचे जे थोडे लोक तुमच्या इमारतीत, गल्लीत राहतात, त्यांना त्या रात्री फोन करून विचारा, काही हवं आहे का.

१६. मीच भडकून नको ते लिहिलं. आता?

व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण लोकांनी वाचला असेल तर गुपचूप बदलू नका. पुसा आणि लिहा: ‘मघाचा मेसेज रागात लिहिला, मागे घेतो.’ ‘पण’ने सुरू होणारं पुढचं वाक्य लिहू नका. ज्याला बोललात त्याला वेगळा फोन करा, शेजारी असेल तर जिना उतरून जा.

१७. ॲडमिनच काड्या टाकत असेल तर?

दोन-तीन जणांनी मिळून, खाजगीत, नेमके मेसेज दाखवून सांगा. सोसायटीचा ग्रुप असेल तर किमान तीन ॲडमिन असावेत आणि ते वेगवेगळ्या विंगमधले असावेत, अशी मागणी सभेत लेखी ठेवा. खाजगी ग्रुप असेल तर बाहेर पडा. आता बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, सगळ्यांना नाही. दुसरा ग्रुप काढलात तर पहिल्याच दिवशी प्रश्न ७ मधले नियम टाका, जुन्या ग्रुपचे स्क्रीनशॉट तिथे आणू नका.